क्लबचं वर्ष संपलं. बैठकीनंतरचं जेवण बंद करावं का?

शिकंजी_कमी_गोड (धागाकर्ती)

मंडळी, ३० जूनला आमच्या सेवा क्लबचं वर्ष संपलं आणि माझं सचिवपदही. (रोटरी असो की लायन्स, या मंडळींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दरवर्षी अध्यक्षापासून सगळे बदलतात. आमच्या क्लबचं नाव सांगत नाही, इंदूरचे ओळखतीलच.) गेले तीन दिवस वार्षिक अहवाल लिहून राहिले आहे आणि एका ठिकाणी अडकलेय.

सदस्य ४३. बैठका २२, सरासरी हजेरी २६. वर्गणी माणशी ६,००० रुपये. त्यातले १ लाख ६० हजार गेले बैठकीनंतरच्या जेवणावर, हॉटेलातलं ताट २८० रुपये. आमच्या वर्गणीतून सेवेवर गेले ३८ हजार. उरलेले वरच्या कार्यालयाला, पदग्रहणाला आणि हारतुऱ्यांना. बाकीची सेवा देणगीदारांच्या जिवावर झाली.

कामं तशी केली. जुलैत २०० झाडं, अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (कापड मिलांच्या सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) रात्री पाणपोई, २ ऑक्टोबरला रक्तदान (६१ पिशव्या), डिसेंबरात कांबळी, फेब्रुवारीत शाळेत डोळे तपासणी, मेमध्ये परत रक्तदान (१४ पिशव्या, हसू नका). पण जेवणाचा आकडा आणि सेवेचा आकडा एकाखाली एक टाइप केले आणि मलाच कसंतरी झालं.

आता १८ जणांनी सह्या करून पत्र दिलंय की जेवण बंद करा, तो पैसा सेवेला लावा. कोषाध्यक्षांचं म्हणणं, जेवण बंद म्हणजे क्लब बंद. पुढच्या बैठकीत मतदान आहे आणि माझं मत मागितलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा. उपदेश नको, अनुभव हवा.

सराफा_रात्री_बारा

जेवण बंद? इंदूरात? ताई, तब्येत बरी आहे ना?

हिशेबनीस

माझं मत सरळ आहे. बंद करा. ज्याला भूक लागते त्याने घरून जेवून यावं. १ लाख ६० हजारांत शाळेतल्या किती मुलांचे चष्मे होतील हे तुम्हीच मोजा, डोळे तपासणी तुम्हीच केलीत. तपासलं, नंबर निघाला, मग चष्म्याला पैसे होते का?

शिकंजी_कमी_गोड

@हिशेबनीस, नेमकं दुखतंय तिथेच बोट ठेवलंत. २७ मुलांना नंबर निघाला. चष्मे ११ जणांना दिले. बाकीच्यांच्या पालकांना चिठ्ठी दिली.

बिलावली_काठी

थोडा इतिहास सांगतो, म्हाताऱ्याला मोह आवरत नाही. रोटरी सुरू झाली २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत. पॉल हॅरिस हा वकील आणि त्याचे तीन दोस्त: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनीअर, एक शिंपी. मोठ्या शहरात येऊन एकटे पडलेले लोक. आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे, त्या आळीपाळीवरून नाव पडलं रोटरी. सेवा वगैरे डोक्यातही नव्हती. ओळखीपाळखी, दोस्ती आणि एकमेकांना धंदा देणं, बस. पहिलं लोकोपयोगी काम १९०७ मध्ये. तेही काय, तर शिकागोत सार्वजनिक शौचालय उभारण्यासाठी खटपट.

म्हणजे दोन वर्षं नुसते भेटत होते. भेटले म्हणून पुढचं सुचलं. तुमच्या कोषाध्यक्षांना हा मुद्दा फुकट देतो.

पण शिंप्याच्या दुकानात जमत होते, २८० च्या ताटावर नाही. हा मुद्दा त्या १८ जणांना.

भिया_जीरावन_टाक

पहिलं काम शौचालय? मग ते इंदूरचेच निघाले! २०१७ पासून आपला स्वच्छतेत पहिला नंबर, त्याचं मूळ शिकागोत. महापालिकेला कळवा.

सयाजीबाग_सकाळी

वडोदऱ्याहून. आमच्या क्लबने हा प्रयोग केलाय. तीन वर्षांपूर्वी जेवण बंद, फक्त चहा-बिस्कीट. पहिल्या महिन्यात सगळ्यांना फार पवित्र वाटलं. दिवाळीनंतर हजेरी ३१ वरून ९. आणि ते ९ म्हणजे ज्यांना पद होतं तेच. गंमत अशी की वाचलेला पैसाही सेवेला गेला नाही, कारण लोकांनी वर्गणीच कमी करून घेतली. "जेवण नाही तर ६,००० कशाला?" असं म्हणाले. तर्क चुकीचा आहे का? नाही.

शेवटी जेवण परत आणलं, पण गेलेले परत आले नाहीत. जरा जपून.

हिशेबनीस

म्हणजे ते जेवायलाच येत होते. गेले ते बरंच झालं.

सयाजीबाग_सकाळी

@हिशेबनीस, गेलेल्यांत एक हाडांचे डॉक्टर होते, दर रविवारी वस्तीत फुकट तपासायचे. ते जेवायला येत नव्हते. गप्पा मारायला येत होते. चहा-बिस्किटावर गप्पा पंधरा मिनिटांत संपतात हो.

लाल_पिशवी

जेवणाचं तुम्ही बघा. मला त्या ६१ पिशव्यांवर बोलायचंय. मी रक्तपेढीत काम करते (कुठल्या ते नको).

२ ऑक्टोबरला आमच्याकडे एकाच दिवशी पाच-सहा शिबिरांचं रक्त येतं. क्लब, पक्ष, बँका, कॉलेजं, सगळ्यांना तोच दिवस. लाल पेशींची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते, त्यात विशेष द्रावण घातलं तर ४२. प्लेटलेट्स तर पाचच दिवस. म्हणजे २ ऑक्टोबरची पिशवी ६ नोव्हेंबरपर्यंत वापरली नाही तर गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे पुरुषाने एकदा दिलं की तीन महिने देता येत नाही, बाईने दिलं की चार. म्हणजे शहरातले सगळे हौशी दाते एकाच दिवशी वापरून टाकले आणि पुढे दिवाळीच्या गर्दीत अपघात झाला की आम्ही फोन फिरवत बसतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना ना गांधी जयंती ना दिवाळी.

तुम्ही मेमध्ये १४ पिशव्या दिल्यात ना? त्या मला ६१ पेक्षा जास्त आवडल्या. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हाच आमचं फ्रीज रिकामं असतं. अहवालात तो आकडा लपवू नका.

शिकंजी_कमी_गोड

@लाल_पिशवी, तुमचा प्रतिसाद छापून कोषाध्यक्षांच्या टेबलावर ठेवते. मेमध्ये खरं म्हणजे ३० जण आले होते. बाहेर ४३ डिग्री. १६ जणांना परत पाठवलं, त्यात ११ बायका, सगळ्यांचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. एक मुलगी रडायलाच लागली, वजनही ४४ भरलं, अर्धा तास उन्हात स्कूटी चालवत आली होती. आम्ही तिला बिस्किटाचा पुडा दिला. अजून काय देणार?

लाल_पिशवी

लोहाच्या गोळ्या आणि तीन महिन्यांनी परत बोलावणं. त्या ११ बायकांचे नंबर घेतलेत का?

शिकंजी_कमी_गोड

नाही. (मान खाली.)

झाडाखाली_एकटा

२०० झाडांपैकी जगली किती? हा प्रश्न कुणीच विचारला नाही, म्हणून मी विचारतो.

शिकंजी_कमी_गोड

मे अखेरीस मोजली. ३७.

भिया_जीरावन_टाक

१४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांच्या वर झाडं लावली, गिनीजमध्ये नाव गेलं. तुमचे २०० त्यात पालापाचोळा. पण ३७ मोजली हे भारी. मोजायला जातं कोण?

शिकंजी_कमी_गोड

मोजली ती पण एका माणसामुळे. आमचे एक काका आहेत, मिलमधून रिटायर झालेले, वय ७४. आपली काळी माती माहीत आहे ना, पावसात चिकट आणि एप्रिलमध्ये अशा भेगा की हात आत जावा. मुळं उघडी पडतात. काका रोज सकाळी जुन्या स्कूटरवर तेलाचे दोन पाच लिटरचे कॅन लावून जायचे. झाकणाला खिळ्याने एकच भोक. कॅन रोपाशेजारी उलटा रोवून ठेवायचा, थेंब थेंब तासभर. एका फेरीत दोन झाडं. त्यांनी ४० धरली होती, तीन शेळ्यांनी खाल्ली. म्हणजे ज्याला पाणी घातलं ते जगलं, बाकी क्लबने लावलेली १६० फोटोपुरती.

आणि हे काका एकही बैठक चुकवत नाहीत. एकटे राहतात. महिन्यातून दोनदा हॉटेलात चार माणसांत बसून जेवतात. माझा घोळ इथेच आहे.

स्पष्टवक्ता_४५२

काका सोडले तर सगळं फोटोसाठीच. कांबळ वाटताना आठ माणसं एक कांबळ धरून उभी असतात, घेणारा बिचारा मधे थंडीत ताटकळतो. मी कुठल्याही क्लबात नाही आणि जाणारही नाही.

सराफा_रात्री_बारा

@स्पष्टवक्ता_४५२, नववा माणूस फोटो काढत असतो, त्याला विसरलात.

शिकंजी_कमी_गोड

कांबळांचं राहिलंच होतं, ऐका. डिसेंबरात रात्री अकराला एका मोठ्या इस्पितळाबाहेर गेलो, नातेवाईक फुटपाथवर झोपतात तिथे. एका बाईला कांबळ द्यायला वाकले तर ती म्हणाली, "दीदी, कंबल तो तीन हो गए. चार्जर है क्या?" खरगोनकडून आलेली, नवरा आत भरती, मोबाइल बंद पडलेला, घरी दोन लेकरं. आमच्या आधी त्याच आठवड्यात तीन संस्था कांबळं वाटून गेल्या होत्या.

गाडीत एकाकडे चार्जर होता. पण लावायचा कुठे? समोरच्या चहावाल्याच्या बोर्डावर लावला. तासाभरात तिथे नऊ मोबाइल. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या चहावाल्याला आठ सॉकेटचा बोर्ड करून दिला, विजेचे महिन्याला ५०० ठरवले. वर्षातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगलं. त्याला फोटो नाही. बोर्डाचा काय फोटो काढणार?

बिलावली_काठी

वा. हे अहवालात पहिल्या पानावर घ्या.

पाच_वर्षाखालील

पोलिओच्या दिवसांची आठवण झाली. रोटरीने पोलिओचं काम १९८५ पासून हातात घेतलं. मी नोकरीत असताना आणि नंतरही रविवारी बूथवर बसलोय. लसीच्या बाटलीवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेत आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका हवा, बरोबरीचा किंवा गडद झाला की लस फेकायची. डाव्या करंगळीला शाई. मग घरोघर, दारावर खडूने पी किंवा एक्स. पी म्हणजे झालं, एक्स म्हणजे परत यायचं. सगळी मोहीम त्या एक्सवर चालली. पहिल्या दिवशी बूथवर हार घालायला पुढारी, तिसऱ्या दिवशी एक्सच्या दारात आम्ही दोघं आणि एक आशाताई.

देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं.

ताई, तुमच्या त्या ११ बायका म्हणजे तुमचे एक्स. उरलेली १६ चष्म्याची मुलंही.

हिशेबनीस

@पाच_वर्षाखालील, हा प्रतिसाद सेव्ह केला.

झगमग_झांकी

अवांतर: झांक्यांच्या पाणपोईबद्दल कुणी बोललंच नाही. मिला बंद होऊन इतकी वर्षं झाली, हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, कामगारांचे पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, पण झांकी निघतेच. आमचे आजोबा त्याच मिलमध्ये होते. रात्रभर उभं राहून बघायचं, पहाटे पोहे खाऊन घरी. पाणी कशात दिलंत? प्लास्टिकचे ग्लास असतील तर निषेध.

शिकंजी_कमी_गोड

@झगमग_झांकी, स्टीलचे! १२० ग्लास विकत घेतले, बुडाला लाल नेलपेंटचा ठिपका लावला. दोन बादल्यांत धुवत होतो रात्रभर, हात पांढरे पडले. सकाळी मोजले तर ९७.

भिया_जीरावन_टाक

२३ ग्लास झांकी बघायला गेले.

सराफा_रात्री_बारा

क्लबात दंड नसतो का? माझे मामा लायन्समध्ये होते, तिथे एक पद असतं टेल ट्विस्टर. शेपूट पिळणारा! शप्पथ खरं. सिंहाची शेपूट पिळायला अधिकृत माणूस. उशिरा आलास दंड, बिल्ला लावला नाहीस दंड, बायकोचा वाढदिवस विसरलास डबल दंड. मामांनी तीन वर्षं ते पद सोडलं नाही.

भिया_जीरावन_टाक

आणि शालींचं काय? आमच्या वडिलांनी एका पाहुण्याला दिलेली शाल दीड वर्षाने दुसऱ्या समारंभात त्यांच्याच खांद्यावर आली. कोपऱ्यात आईने शिवलेला टाका होता.

आता_शांत_आहे

नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

माझे वडील तुमच्यासारख्याच एका क्लबात होते, इंदूरातच. दोन वर्षांपूर्वी पहाटे चारला गेले. घरात मी आणि आई. काही सुचत नव्हतं, मी बाबांच्या मोबाइलवरून त्यांच्या क्लबातल्या एका काकांना फोन लावला, कारण शेवटचा कॉल त्यांचाच होता. ते म्हणाले, पंखा बंद कर. डोळे मिटव, पापण्यांवर ओला कापूस ठेव. डोक्याखाली दोन उश्या दे. मी येतो. मी काही न विचारता केलं.

बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला नव्हता. पण म्हणे जेवताना गप्पांत बोलले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे चालतात का म्हणून. काकांनी सांगितलं होतं, चालतात, फक्त सहा तासांच्या आत. त्यावर बाबा म्हणाले होते, मग माझे घ्या. घरी आम्हाला कधीच बोलले नाहीत. काकांना माहीत होतं.

सव्वापाचला टीम आली होती.

मत देत नाही. एवढंच आठवलं.

बिलावली_काठी

(नमस्कार.)

स्पष्टवक्ता_४५२

मी जरा जास्तच बोललो होतो.

सयाजीबाग_सकाळी

मूळ प्रश्नावर एक सुचवणं. जेवण ठेवा, हॉटेल सोडा. शिकागोवाल्यांसारखं आळीपाळीने कुणाच्या तरी घरी किंवा दुकानात. पोहे आणि चहा.

कुकर_तीन_शिट्ट्या

थांबा थांबा. घरी पोहे म्हणजे करणार कोण? २६ माणसांचे पोहे सदस्य करणार की सदस्याची बायको? या क्लबांत १९८०च्या दशकाच्या शेवटापर्यंत बायकांना सदस्यत्वच नव्हतं, अमेरिकेत कोर्टात जावं लागलं. सदस्यांच्या बायकांना वेगळं नाव होतं, ॲन म्हणे. त्या ॲननी इतकी वर्षं चहा केला. आता तुम्ही क्लबचे १ लाख ६० हजार वाचवणार आणि बिल आमच्या ओट्यावर फाडणार. वा रे सेवा!

शिकंजी_कमी_गोड

@कुकर_तीन_शिट्ट्या, माझ्या मनात हे आलंच नाही आणि मी स्वतः बाई आहे. कान धरले.

सराफा_रात्री_बारा

नियम करा: पदर, म्हणजे ॲप्रन, सदस्याच्याच गळ्यात. नाही तर शेपूट पिळा.

हिशेबनीस

अजूनही मला वाटतं बंदच करावं. पण काकांच्या फेऱ्या वाचून मत ८० टक्क्यांवर आलंय.

शिकंजी_कमी_गोड

(सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

मतदान झालं. त्या दिवशी हजेरी ३९, वर्षातली सर्वांत जास्त, कारण जेवण शेवटचं असेल म्हणून सगळे आले. ठरलं असं: महिन्यातली एक बैठक हॉटेलात, जेवणासकट. दुसरी सदस्याच्या घरी किंवा दुकानात, पोहे आणि चहा, आणि पोहे सदस्यानेच करायचे. कलम असं लिहिलंय: "घरातील अन्य व्यक्तीची मदत आढळल्यास दंड रु. १०१." वाचणारे साधारण ८० हजार चष्म्यांना आणि बोर्डाला. उरलेल्या १६ पैकी १३ मुलांना चष्मे झाले, तीन कुटुंबं घर बदलून गेली, शोधतोय. ११ बायकांपैकी सातजणी सापडल्या, गोळ्या सुरू आहेत. २ ऑक्टोबरचं शिबिर रद्द, नोव्हेंबरात दुसऱ्या आठवड्यात. झाडं यंदा ४०च लावली, प्रत्येक झाड एका सदस्याच्या नावावर, कॅन काकांकडून. आमच्या तीन सदस्यांनी नाव द्यायला नकार दिला.

पहिली घरची बैठक कोषाध्यक्षांकडे होती. मतदानात विरोधात होते, म्हणून मुद्दाम त्यांनाच दिली. आपले पोहे वाफेवर होतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी भिजवून तासभर ठेवले. चमचा उभा राहत होता. शेव, जीरावन मसाला, डाळिंबाचे दाणे घालून घालून सगळ्यांनी संपवले, आणि रात्री साडेदहापर्यंत कुणी उठेना.

कुकर_तीन_शिट्ट्या

दंड झाला का?

शिकंजी_कमी_गोड

पोह्यांसाठी नाही. त्यांनीच केले होते, वहिनी शेजारच्या खोलीत हसत होत्या. पण मी पाणी प्यायला ग्लास उचलला, तर बुडाशी लाल ठिपका.

भिया_जीरावन_टाक

किती?

शिकंजी_कमी_गोड

आठ. १५ अजून बाहेर आहेत.